दोन नंबरच्या दगडातला मागचा पाय

काकींचा फोन आला तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. मी फोन घेऊन व्हरांड्यात आले. "बाई, तात्या गेलं," काकी म्हणाल्या. "सकाळी च्या घेतला, म्हनलं जरा पडतो, आन् उठलंच न्हाईत." त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. मागे माणसांची गडबड ऐकू येत होती. मी "कधी?" असं विचारलं, ते त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. "सकाळीच की," त्या शांतपणे परत म्हणाल्या. मी निघतेच असं सांगून फोन ठेवला. त्या क्षणी मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट पाच वर्षं मी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती, आणि आता ती लपवायची गरज उरली नव्हती... दुःख नंतर आलं, विट्याच्या गाडीत, तासगाव मागे पडल्यावर. पण आधी काय आलं ते काही केल्या विसरता येत नाही, आणि हे लिहायला बसले आहे ते त्याच्यामुळेच.

तात्या म्हणजे दत्तू ज्ञानू साळुंखे, आणि काकी त्यांची बायको. विट्याच्या आसपासची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. तात्या सोळाव्या वर्षी सुरतेला गेले आणि साठीला परत आले. आमची गाठ पडली ती मात्र हळदीमुळे. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि सांगलीच्या हळदीच्या गोदामांत होणारा तो बारीक, तपकिरी, कुबड्या पाठीचा किडा हा माझ्या अभ्यासाचा विषय. आठ वर्षांपूर्वी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मी त्याच्यावर एक छोटा लेख लिहिला होता, सोबत मोठं करून काढलेलं चित्र होतं. लेख आल्याला आठवडा झाला नसेल, एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

"किड्याच्या बाई तुमीच का?"

मी हो म्हणाले, तेव्हा बाकीचे सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी लेखाचं कात्रण टेबलावर पसरलं आणि त्याच्या शेजारी डब्यातला एक मधाच्या रंगाचा खडा ठेवला. "ह्यो तुमच्या चित्रातला, आन् ह्यो माझ्या खड्यातला. ह्यो हळदीत कसा शिरतो ते तुमी लिवलंय. दगडात कसा शिरला तेवढं सांगा."

खडा अंबराचा होता. काही कोटी वर्षांपूर्वी कुठल्यातरी झाडाच्या सालीवरून ओघळलेला चीक, मातीखाली गाडला जाऊन दगड झालेला. सुरतेच्या बाजूला दगडी कोळशाच्या खाणी आहेत, त्यांच्या थरांत असे खडे सापडतात. खाणीतली माणसं त्याची काही किंमत येते का हे विचारायला तात्यांच्या दुकानात यायची. तात्यांनी एकदा एका खड्याची कड जाळून पाहिली, तर धुपाचा वास आला. मग त्यांच्या गल्लीत बरीच वर्षं गुरुवारच्या आरतीला तोच धूप चालला. एकदा निखाऱ्यावर टाकता टाकता त्यांना आत किडा दिसला, पाय दुमडून बसलेला. त्यानंतर त्यांनी एकही खडा जाळला नाही. "आधी जाळलं त्यात किती किडं गेलं, कुणास ठावं," असं ते मला नंतर अनेकदा म्हणाले. सांगताना चेहरा असा व्हायचा की जणू जिवंत काही जाळलं होतं.

त्या डब्यात एकशे चाळीसेक खडे होते. बहुतेकांत काही नव्हतं, काहींत मुंग्या, माश्या, पानांचे तुकडे. दोन खड्यांत मात्र तो किडा होता, हळदीतल्या किड्याचा लांबचा भाऊबंद. त्या दोन खड्यांना आम्ही एक नंबर आणि दोन नंबर म्हणायचो. पुढची तीन वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी, मी एसटीनं विट्याला जात राहिले.

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. सुरतेचं दुकान बंद करताना तात्यांनी तिथला काम करायचा खणांचा लाकडी पाट, चिमटे, भिंगं, सगळं सामान आणून त्या खोलीत जसंच्या तसं मांडलं होतं. आतला किडा नीट दिसायचा तर अंबराला त्याच्याजवळ, अगदी केसाच्या अंतरापर्यंत घासत न्यावं लागतं आणि मग काचेसारखी झिलई द्यावी लागते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तात्यांच्या हाताला ते आधीपासून येत होतं. ओल्या वॉटर पेपरवर खडा ठेवून ते बोटाच्या टोकानं बारीक गोल गोल फिरवायचे, दहा वेढे झाले की थांबायचे, पुसायचे, भिंगातून बघायचे, परत दहा. बोलणं चालू असलं तरी वेढे चुकायचे नाहीत. घासताना जो पांढुरका चिखल निघायचा तो ते वाटीत निवळायला ठेवत, वाळवत, आणि सोनार बांधतात तशा कागदाच्या पुडीत बांधून वर खड्याचा नंबर टाकत. मी एकदा हसून म्हणाले, "तात्या, यात सोनं नाही हो." तर म्हणाले, "ते मला बी कळतंय. पर दगडातनं जे गेलं ते दगडाच्या नावानं ठिवायचं. गलाईवाल्याचं घर हाय ह्ये, हितनं काय बी झाडून भाईर जात न्हाई."

त्यांच्या दुकानाचा आणखी एक नियम मी तेव्हाच ऐकला होता. मुशीतून सोनं कमी निघालं तर कामगाराला विचारायचं नाही. पाट ज्याचा, तूट त्याची, म्हणजे मालकाची. "इचारलं की मानूस खोटं बोलतंय," तात्या म्हणाले होते. "आन् एकदा खोटं बोललं की त्येचा हात बिघडतो." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं, एखाद्या लेखात वापरता येईल म्हणून.

एखादा जीव नवा आहे असं म्हणणं सोपं असतं, तो कशाकशापासून वेगळा आहे हे दाखवणं हे खरं काम. हळदीतल्या किड्याच्या मिशांना करवतीसारखे दाते असतात आणि पाठ गुळगुळीत असते. औषधांच्या, मसाल्यांच्या दुकानात सापडणारा त्याचा जवळचा नातलग आहे, त्याच्या मिशांची शेवटची तीन पेरं लांब असतात आणि पाठीवर बारीक खळग्यांच्या उभ्या रेघा असतात. आमच्या किड्याच्या मिशा दुसऱ्यासारख्या होत्या आणि पाठ पहिल्यासारखी. शिवाय छातीच्या खालच्या अंगाला दोन्हीकडे खाचा होत्या, पाय दुमडले की त्यांत बसतील अशा. हे तिन्ही एकत्र असलेला किडा आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. एवढा फरक असला की नुसती नवी जात मानून भागत नाही, तिच्या वरची पायरी, प्रजाती, नवी मानावी लागते. हे मी तात्यांना अर्धा तास समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नुस्तं नाव न्हवं, आडनावच नवं म्हना की." मी वर्गात आजही तसंच शिकवते, पण कुणाचं वाक्य ते सांगितलेलं नाही.

एक नंबरच्या खड्यातल्या किड्यानं पाय पोटाशी घट्ट दुमडले होते. मागच्या पायाचं पाऊल त्यात दिसतच नव्हतं. दोन नंबरमध्ये ते दिसत होतं. "ह्यो झोपलेला न्हाई बाई," तात्या भिंगातून बघत म्हणाले होते, "ह्यो पळतुया. मागला पाय सोडलाय त्यानं." त्यांनी पावलाची पेरं मोजली, पाच. तिसरं पेर दोन फाकांत चिरलेलं. मीही पाहिलं, पण वर एक बुडबुडा आडवा येत होता, तेव्हा मी म्हणाले की अजून थोडं घासून झालं की नीट बघू, फोटो काढू, मग नोंदवू. तात्या म्हणाले, बुडबुडा आणि पाय यांच्यात फार जागा नाही, दोन-तीन रविवार तरी लागतील, घाई करून चालणार नाही.

त्या आठवड्यात मला बाहेरगावच्या एका तज्ज्ञाला फोटो पाठवायचे होते. सोमवारी पाठवते असं मी कळवून बसले होते. रविवारी विट्याला पोचले तर दाराला कुलूप. तात्या आणि काकी नात्यातल्या एका लग्नाला खानापूरला गेले होते, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, मीच विसरले. फोन केला. "किल्ली कुंडीखाली हाय. बसा निवांत, च्या करून घ्या," तात्या म्हणाले. मागे सनईची कॅसेट वाजत होती. "दोन नंबर पाटावरच हाय, बगा. पर हात लावू नगा, उद्या मी घिऊन बसतो."

मी चहा केला नाही. भिंगाखाली खडा धरून बराच वेळ बघत बसले. बुडबुडा तसाच आडवा. मला वाटलं, पाच-सहा वेळा घासलं तर तो जाईल. पेपर ओला केला आणि घासायला लागले. दहा वेळा घासून थांबायचं, हे मला माहीत होतं. मी थांबले नाही. पुसून पाहिलं तेव्हा बुडबुडा गेला होता आणि त्याच्याबरोबर मागच्या पायाचं पाऊलही गेलं होतं. पोटरीचं अर्धं टोक उरलं होतं, तिरकं कापल्यासारखं. काही कोटी वर्षं तो पाय तिथं होता... आणि दुपारचे अडीच वाजले होते, हे मला नीट आठवतं, कारण भिंतीवरच्या घड्याळाकडे मी उगीचच बघितलं. मग मी पाट पुसला. वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. वाटी धुऊन पालथी घातली, खडा डबीत ठेवला, कुलूप लावून किल्ली कुंडीखाली सरकवली, आणि सव्वातीनच्या गाडीनं परत आले.

आठवडाभर तात्यांचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी मी गेले, तेव्हा दोन नंबरचा खडा पाटावर मधोमध ठेवलेला होता. मी भिंगातून बघितल्यासारखं केलं. वाटेत गाडीत मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पण तोंडातून जे आलं ते असं, "तात्या, सोमवारी तुम्ही जरा जास्त घासलंत का?"

तात्यांनी खडा हातात घेतला. बराच वेळ भिंग लावून बघितलं, उजेडाकडे फिरवून बघितलं. "आसंल," ते म्हणाले. "माझ्याच हातनं गेलं आसंल." मग खडा खाली ठेवून त्यांनी काकींना हाक मारली, "बाईंना च्या टाका."

पुढं सगळं रीतसर झालं. शोधनिबंध लिहिला, छापून आला. प्रजातीच्या नावाचा पहिला भाग मी कृष्णेवरून घेतला होता आणि शेवट त्या कुळातल्या जुन्या नावांच्या वळणाचा. तात्यांना मी नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "किडा सुरतेचा आन् नाव किस्नंचं. म्हंजे आमच्यागतच की, गाव हिकडं, पोट तिकडं." काकींनी तर बारसंच केलं. नाव ठेवलं म्हणजे घुगऱ्या पाहिजेत, म्हणून त्यांनी हरभरे उकडले आणि गल्लीत वाटले. "कुणाचं बारसं?" असं लोक विचारायचे आणि काकी म्हणायच्या, "ह्यांच्या किड्याचं." त्या दिवशी तात्या फार खूश होते. निबंध हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "माझं काय लिवलंय त्येवढं वाचा," म्हणाले. मी शेवटचं पान काढलं आणि मराठीत सांगितलं की, खडे दिल्याबद्दल आणि ते घासून तयार केल्याबद्दल श्री. साळुंखे यांचे मनापासून आभार. ते मी खरंच लिहिलं होतं. पण त्याच्या तीन पानं आधी, दुसऱ्या नमुन्याच्या वर्णनात, आणखी एक वाक्य होतं. मागच्या पायाचं पाऊल तयारी करताना नष्ट झालं, असं. ते मी वाचलं नाही. निबंध वाचणाऱ्या कुणालाही दोन्ही वाक्यं जोडायला वेळ लागणार नव्हता. तयारी कुणी केली ते शेवटी नावानिशी लिहिलेलंच होतं.

वर्षभरानं दक्षिणेतल्या एका संशोधकाचा मला फोन आला. त्यांच्याकडेही त्याच खाणींमधले चाळीसेक खडे होते, आणि असं काम हातानं करणारा माणूस आपल्याकडे मिळत नाही म्हणून त्यांना तात्यांकडे पाठवायचे होते. मी तात्यांना सांगितलं. त्यांनी पाट धुऊन घेतला, नवे वॉटर पेपर आणले, मिस्त्री बोलावून खिडकीशी आणखी एक दिवा लावून घेतला. "आता डोळं तयार पायजेत," म्हणत सकाळी डोळ्यांत औषध घालायला लागले. महिन्याभरानं त्या संशोधकांनी परत फोन केला. त्यांनी दरम्यान निबंध नीट वाचला होता. म्हणाले, "तुमच्या दुसऱ्या नमुन्याचं पाऊल त्यांच्याच हातून गेलं ना? हात अजून ठीक आहे का त्यांचा?"

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं आता."

पार्सल आलं नाही. तात्या दोनदा विचारून थांबले. पहिल्यांदा मी म्हणाले, परवानग्यांना वेळ लागतो. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि खिडकीशी लावलेल्या नव्या दिव्यावर काकींच्या जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळलेला दिसला, धूळ बसू नये म्हणून. त्यानंतर माझे रविवार कमी होत गेले. परीक्षा, पेपर तपासणं, आईचं आजारपण, कारणं खरीच होती. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा गुडघे दुखत असूनही तात्या मला सोडायला स्टँडपर्यंत आले. सांगलीची गाडी लागलेली होती. मी गाडी कशी वेळेवर येत नाही, रस्ता कसा उकरून ठेवलाय, असं काहीबाही बोलत राहिले. तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

"नाही तात्या," मी म्हणाले. "काही नाही."

"बरं. जावा सावकाश."

ते शेवटचं.

कार्य झाल्यावर काही दिवसांनी काकींनी बोलावून घेतलं. खोलीतलं किड्यांचं सगळं तुमीच न्या, आमाला त्यातलं काय कळतंय, म्हणाल्या. त्या बाहेर सोप्यात शेंगा निवडत बसल्या आणि मी आत पाटाचे खण उपसत बसले. पुड्या एका खणात ओळीनं लावलेल्या होत्या, रिकाम्या निघालेल्या खड्यांच्यासुद्धा. एक नंबरची एक पुडी होती. दोन नंबरच्या दोन होत्या. पहिलीवर नुसता आकडा. दुसरीवर तात्यांच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, "२. मागचा पाय. बाई."

पुडी घेऊन मी बाहेर आले. काकींसमोर बसले. "काकी," मी म्हणाले, "तो पाय तात्यांच्या हातून गेला नव्हता. माझ्या हातून गेला होता."

काकींचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

"तात्यांना?"

"त्याच सांजंला कळलं. लगनास्नं आलो, आंगावरची कापडं बी बदलली न्हाईत, खोलीत गेलं. भाईर येऊन म्हनं, बाईंनी घासलंय. मी म्हनलं, कशावरनं? तर म्हनं, सरळ घासलंय, भांडी घासल्यागत." काकी किंचित हसल्या. "मग मोरीतलं मडकं काढून बसलं. आमच्या मोरीच्या तोंडाला मडकं पुरलंय न्हवं का, सुरतंत बी आसंच हुतं. पानी फुडं जातं, गाळ ऱ्हातो. त्यातनं काढली ही पुडी."

मी विचारलं, "मग मला बोलले का नाहीत?"

"बोलायचं तुमाला हुतं, बाई. त्यांना न्हाई." काकींनी एक खराब शेंग बाजूला टाकली. "तुमी येऊन गेलासा की मी दर टायमाला इचारायची, आज बोलल्या का? म्हनायचं, न्हाई, आज बाईंना गाडीची घाई हुती. फुडल्या टायमाला म्हनायचं, कॉलेजात कायतर झालंय, डोकं ठिकानावर न्हवतं. मेडिकलवाल्याकडनं तुमचं त्ये छापलेलं विंग्रजी समदं वाचून घेतलं, तवा बी म्हनलं, छापायची गडबड आसंल. तुमची कारनं त्येच हुडकायचं. मला हसू यायचं."

मला वाटलं, आता एवढ्यावर थांबावं. पण मग परत तेच झालं असतं. मी त्या पार्सलाचं सांगितलं. कुणाचा फोन आला होता, त्यांनी काय विचारलं, आणि मी काय उत्तर दिलं, त्याच शब्दांत सांगितलं.

काकींचे हात पहिल्यांदा थांबले. "त्ये ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटलं, त्या लोकांकडं खडंच न्हाईत, उगं बोलले आसतील... पायाचं काय न्हाई वं बाई. पाय काय, किडा मेलेलाच हुता. ह्ये मातर वाईट केलंसा."

सूप उचलून त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. पुढं ठेवला आणि परत आत गेल्या.

घरी आल्यावर मी त्या दक्षिणेतल्या संशोधकांना फोन केला. खरं ते सांगितलं. ते म्हणाले, खडे मागेच परदेशात पाठवले. मग ज्या नियतकालिकात निबंध छापला होता त्यांना पत्र लिहिलं, की दुसऱ्या नमुन्याचं पाऊल माझ्या हातून नष्ट झालं, श्री. साळुंखे यांच्या नव्हे, ही दुरुस्ती छापावी. त्यांचं सभ्य उत्तर आलं. या बदलानं प्रजातीच्या वर्णनात किंवा ती इतरांपासून वेगळी ओळखण्याच्या लक्षणांत काहीच फरक पडत नसल्यानं दुरुस्ती छापण्याची आवश्यकता वाटत नाही. त्यांचं बरोबर आहे. किडा तोच राहतो. मिशांची शेवटची तीन पेरं लांब, पाठ गुळगुळीत, छातीखाली पायांसाठी खाचा. मागच्या पावलाच्या पुढं आजही "अज्ञात" असा शब्द आहे. आता ते पाऊल नाही, फोटोही नाही, तेव्हा शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे तो शब्द तसाच राहील. पण ते पाऊल एका माणसानं नीट पाहिलं होतं. पाच पेरं, तिसरं दोन फाकांत चिरलेलं. ही नोंद दत्तू ज्ञानू साळुंखे यांची आहे. तिथं छापता येत नाही म्हणून इथं लिहिते. आणि तो पाय घालवला तो मी. त्यांचा हात शेवटपर्यंत चांगला होता. वय झालं म्हणून त्यातलं काहीही गेलेलं नव्हतं.

लेख पुरवणीला देण्याआधी काकींना दाखवावा असं वाटलं, म्हणून गेल्या रविवारी विट्याला गेले. त्यांना अक्षरं लावत वाचायचा कंटाळा, म्हणून सोप्यात बसून मीच वाचून दाखवला. मध्ये त्या दोनदा हसल्या, बारशाच्या ठिकाणी आणि भांड्यांच्या ठिकाणी. पार्सलाचा भाग आला तेव्हा म्हणाल्या, "थांबा जरा."

त्या उठल्या, मागच्या खोलीची कडी काढली आणि दार पुरतं उघडून भिंतीला टेकवलं. पाट रिकामा होता, खिडकीतून त्याच्यावर ऊन आलं होतं. काकी परत येऊन जागेवर बसल्या, पदर सारखा केला.

"ह्ये त्यांना कळायचं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "आता वाचा. जरा मोठ्यानं."

मी वाचलं.